एक जोड उरला

चाळीस मुलं मोजणं सोपं वाटत असेल, तर एकदा मोजून बघा. वर्गात नव्हे, वर्गात ती बिचारी बाकावर बसलेली असतात. उघड्यावर मोजा. एका बाजूला गाय, दुसऱ्या बाजूला विहीर, आणि मध्येच कुणाला तरी सरडा दिसलेला. तुम्ही अठ्ठावीसपर्यंत येता, तोवर सोळावा उठून तेहेतिसाव्याच्या पलीकडे जाऊन बसलेला असतो. मी नाशिकला अंबडजवळच्या एका प्राथमिक शाळेत तीस वर्षं बाई होते. त्यातली चौदा-पंधरा वर्षं दर फेब्रुवारीत चौथीचा वर्ग घेऊन शेतावर जायचे. शिकवण्याबद्दल मला कुणी विचारलं, तर फार काही सांगता यायचं नाही. मोजण्याबद्दल मात्र अधिकारवाणीनं सांगू शकते.

डोकी मोजायची नाहीत, जोड्या मोजायच्या. शाळेतून निघायच्या आधीच प्रत्येकाला जोडीदार नेमून द्यायचा आणि एकच नियम सांगायचा: बाईंनी शिट्टी वाजवली की असाल तिथून यायचं आणि जोडीदाराचा हात धरायचा. एकटं मूल हरवू शकतं. जोडीतलं हरवत नाही, कारण दुसरं लगेच येऊन चुगली करतं. मुलांच्या चुगलखोरपणावर माझा फार विश्वास. वर्गाचा आकडा विषम असला की एक मूल उरायचं. त्यानं बाईंचा हात धरायचा. ही पद्धत माझी स्वतःची. नव्या शिक्षिकांना मी ती शिकवायचे, चारचौघांत मिरवायचे. तिनं मला एकदा सपशेल तोंडावर पाडलं. तेच सांगायला बसले आहे.

पण आधी शेतावर न्यायचंच कशाला, ते सांगते. आमच्या मुलांचे वडील बहुतेक अंबडच्या कंपन्यांमध्ये. कुणी लेथवर, कुणी पॅकिंगला, तीन पाळ्यांपैकी कुठली तरी एक. एका पिढीमागे ही सगळी शेतकऱ्यांचीच घरं, पण पोरं सिमेंटात वाढलेली. दूध कुठून येतं विचारलं, तर पिशवीतून. पिशवी कुठून येते? दाराच्या कडीतून. एका वर्षी एका वडिलांनी संमतिपत्रावर सही करण्याऐवजी लिहून पाठवलं, की आमचं स्वतःचं शेत वणीजवळ आहे, माझ्या मुलाला शेत दाखवायची गरज नाही. मी चिडले. म्हटलं, या गृहस्थांनाच सोबत बोलवा. आले रजा टाकून. मळ्यात पोचल्यावर त्यांच्या चिरंजीवांनी बटाट्याचं झाड बघितलं आणि बटाटे कुठं लागलेत म्हणून एकेक फांदी उलटी करून शोधत बसले. वडील माझ्याकडे बघेनात. परतीच्या बसमध्ये हळूच म्हणाले, बाई, मीच गावाला गेलो नाही चार वर्षं. टोमणा माझ्या ओठांवर तयार होता, पण मी तो गिळला. मलाही नांदगावला जाऊन तेवढाच काळ झाला होता.

नांदगाव माझं माहेर. आमच्याकडे नदी म्हणजे वाळू आणि पाणी म्हणजे टँकर. आणि अशा बाईच्या वाट्याला भूगोल आला. "चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेला जमिनीचा भाग म्हणजे बेट," हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, मुलांकडून घोकून घेतलं, आणि स्वतः कधी बेट पाहिलेलं नव्हतं. एकदा एका मुलीनं विचारलं, बाई, बेट खालून तरंगतं का? मी ठामपणे नाही म्हणाले. पण घरी गेल्यावर नवऱ्याला विचारून घेतलं.

म्हणून भामरे सरांनी दारणेकाठचा दगूभाऊंचा मळा शोधून काढला, तेव्हा मला केवढा आनंद झाला. भामरे सर म्हणजे माझे सहकारी, सटाण्याकडचे, उंचपुरे, कमी बोलणारे. दगूभाऊ त्यांच्या साडूच्या ओळखीचे. मळा नदीला लागून. वर द्राक्षं, खाली कांदा, आणि नदीच्या पात्रात मधोमध गाळाचा मोठा उंचवटा. त्यावर दगूभाऊ वांगी, मेथी, झेंडू करायचे. कडेनं करंजाची दाट झाडं. गावात त्याला सगळे 'बेटावरचं वावर' म्हणायचे. फेब्रुवारीत अलीकडच्या बाजूला घोट्याएवढं पाणी असायचं. मुलं हात धरून, फ्रॉक आणि चड्ड्या सावरत पलीकडे जायची, आणि मी त्या उंचवट्यावर उभी राहून म्हणायचे, "बघा, हे बेट." काय रुबाब असायचा माझा! जणू मीच ते नदीत आणून ठेवलं होतं.

दगूभाऊ साठीचे, काटक, डोक्याला गुलाबी रुमाल. त्यांची एकच अट: वावरात चप्पल घालून कुणी यायचं नाही. मुलं नाहीत, मास्तर नाहीत, एकदा एक मोठे साहेब आले होते, तेही नाहीत. ज्या जागेतून पोटात जाणारं येतं तिथं चप्पल कशी चालंल, असं ते म्हणायचे. त्यामुळे काठावरच्या जांभळीखाली सगळ्यांच्या चपला जोडीजोडीनं मांडून ठेवायच्या आणि निघताना तिथंच घालायच्या. पहिल्या वर्षी मी मनातून वैतागले होते. एवढ्या चपला, त्यात अदलाबदल, रडारड. पुढे त्या अटीनं काय वाचवलं, ते सांगतेच.

माझी आणखी एक सवय सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुलानं काही विचारलं आणि उत्तर द्यायचा कंटाळा आला, की मी म्हणायचे, "जा, खात्री करून ये." बी पेरल्यावर किती दिवसांनी उगवतं? खात्री करून ये. मुंगीला किती पाय? खात्री करून ये. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना हे फार आवडायचं. खरी गोष्ट अशी, की तेवढ्यात माझ्या चार वह्या तपासून व्हायच्या.

त्या वर्षी वर्गात त्रेचाळीस मुलं होती. म्हणजे एकवीस जोड्या आणि वर एक. वरची एक होती योगिता. दिवाळीनंतर पेठकडून आलेली, वडिलांना अंबडला नुकतंच काम लागलेलं. जोड्या जूनमध्येच ठरल्या होत्या, त्यामुळे ती माझ्या वाट्याला आली. बारीक, सावळी, दोन घट्ट वेण्या. बोलायची इतकं कमी, की हजेरीला तिचा "हजर" ऐकायला मला मान वर करावी लागे. आपल्या बोलण्याला पोरं हसतात, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मीही ते हसणं मोडून काढलं नव्हतं. वर्गात शांत असलेल्या मुलाबद्दल शिक्षक सहसा तक्रार करत नाहीत.

शनिवार होता. आम्ही सकाळीच पोचलो. कांद्याची काढणी चालू होती, ती बघितली. गाय बघितली, गोठ्यात दोघांचे पाय शेणात गेले, ते धुतले. द्राक्षं प्रत्येकी एक घड, धुऊन. मग दगूभाऊंनी मला आणि भामरे सरांना बाजूला घेतलं. धरणातून त्या दिवशी आवर्तन सुटणार होतं. आवर्तन म्हणजे खालच्या गावांसाठी पाळीनं सोडलेलं पाणी. ते नदीतूनच वाहत येतं आणि दोन-तीन तासांत पात्राचं रूप पालटतं. गावात पाटबंधारेवाले आदल्या दिवशीच सांगून गेले होते. दगूभाऊंचा हिशोब पक्का होता: तीनच्या सुमाराला पाणी मळ्याशी पोचणार.

"दोनच्या आत समदी पोरं अलीकडं पाहिजेत, बाई," ते म्हणाले. "मंग काठावर बसून पानी येताना दाखवू. पोरांना लय गंमत वाटंल."

बाराच्या सुमाराला आम्ही पलीकडे गेलो. जोडीदाराचा, नाहीतर बाईंचा हात धरल्याशिवाय पाण्यात कुणी उतरायचं नाही, असं मी बजावलं होतं. चपला जांभळीखाली. मी उंचवट्यावर उभं राहून माझं नेहमीचं भाषण केलं आणि मुलांना चित्रकलेच्या वह्या काढायला लावल्या. बेटाचा नकाशा काढा, मध्ये वावर दाखवा, चारही बाजूंनी निळा रंग द्या. अर्ध्या तासात माझ्याभोवती वह्यांचा ढीग झाला. एकाला रंग संपला म्हणून, एकाला मुंगी चावली म्हणून, एकीला एकी लागली म्हणून. त्या गलक्यात कुणीतरी माझा पदर ओढला.

"बाई, तिकडं पानी नाही दिसत," योगिता म्हणाली. तिच्या तोंडून आपणहून आलेलं ते बहुधा पहिलं वाक्य.

मी मान वर केली नाही. "पुस्तकात काय दिलंय? चारही बाजूंनी. जा, खात्री करून ये."

आणि विसरले. खरं सांगते, पुढच्या क्षणी विसरले.

दीडला मी शिट्टी वाजवली. आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून अलीकडे आलो, काठावर रांग लावली आणि मी मोजायला लागले. छडीनं एकेक जोडी पुढे सरकवायची, ही माझी पद्धत. एक, दोन, तीन. एकविसावी जोडी गेली, आणि माझ्या डाव्या हातात एक छोटा हात होताच. त्रेचाळीस. मी दगूभाऊंना हात करून सांगितलं, आले सगळे.

तो हात योगिताचा नव्हता. दगूभाऊंची नात मंगल, गावच्या शाळेत तिसरीला. शनिवारची सकाळची शाळा सुटून ती आम्ही पलीकडे जात होतो तेव्हाच घरी आली होती, अंगात शाळेचाच गणवेश. पांढरा ब्लाउज, निळा स्कर्ट, आमच्या मुलींचा होता तसाच. मुलं हात धरून उभी राहिलेली तिनं बघितली. प्रत्येकाचा हात कुणीतरी धरलाय आणि बाईंचा एक हात मोकळाच आहे, हेही तिनं बघितलं. आली आणि धरला. मी खाली बघितलंसुद्धा नाही. हातात हात होता, मग बघायचं काय?

मग आम्ही जेवलो. ते जेवण मला अजून आठवतं आणि त्याची लाज वाटते, इतकं ते रुचलं होतं. दगूभाऊंच्या घरच्या बायकांनी भाकऱ्या आणि पिठलं केलं होतं. आधी हुळा, म्हणजे हरभऱ्याचे हिरवे घाटे झाडासकट जाळावर भाजून, राख फुंकून खायचे. मुलांची तोंडं काळी झाली. एकानं मला विचारलं, बाई, हे आपल्या दुकानात का मिळत नाही? मी म्हटलं, खात्री करून ये. सगळे हसले. मंगल माझ्या शेजारी बसून जेवत होती. कुणीतरी पोर भाकरी खातंय, एवढंच मला कळत होतं.

तीनच्या आधीच पाणी आलं. आवाज फार झाला नाही. आधी काठाजवळचा पाचोळा हलला, मग घोट्याएवढ्या पाण्यातले दगड एकेक करून दिसेनासे झाले, मग पाणी गढूळ झालं आणि वेगानं जायला लागलं. मुलं टाळ्या वाजवत होती. मीही म्हणाले, "आता बघा बेट कसं शोभतंय." भामरे सरांनी घड्याळ बघितलं. बस चारला निघायची होती. चपला घाला, म्हणून मी हुकूम सोडला.

त्रेचाळीस जोड घातले जायला हवे होते. नेहमीची ढकलाढकली झाली, दोघांचं अदलाबदलीवरून भांडण झालं, ते मिटवलं. मुलं बसकडे सरकली आणि जांभळीखाली एक जोड उरला. निळ्या रबरी स्लिपर, एकीचा पट्टा सेफ्टी पिननं अडकवलेला.

मी ओरडून विचारलं, कोण अनवाणी आहे? कुणीच नाही. पुन्हा विचारलं. मग माझं लक्ष हाताकडे गेलं. मंगलनं पुन्हा येऊन माझा हात धरला होता. मी पहिल्यांदा तिचा चेहरा नीट बघितला. हा चेहरा माझ्या वर्गातला नव्हता.

"ही चप्पल तुझी का गं?"

"नाय. ही तिची."

"कुणाची?"

"तुमच्याबरूबर व्हती ती. एकटी," मंगल म्हणाली. "ती नाय आली परत."

मला पदर ओढल्याचं आठवलं. मी मान वर न करता काय बोलले, तेही आठवलं. समोर नदी दोन्ही अंगांनी भरून वाहत होती आणि पलीकडच्या करंजाच्या दाटीत काहीही हलत नव्हतं. मी भामरे सरांना हाक मारली.

भामरे सरांनी मुलांना बसमध्ये चढवलं आणि दार लावून घेतलं. दगूभाऊंनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक भामरे सरांच्या हातात दिलं आणि पाण्यात उतरले. अलीकडच्या बाजूला पाणी तोवर कमरेच्या वर गेलं होतं. दोनदा त्यांचा पाय सुटला. पलीकडे चढून ते करंजात दिसेनासे झाले आणि त्यांची हाक तेवढी ऐकू येत राहिली. "पोरीऽ, ए पोरीऽ." तिचं नाव त्यांना माहीतच नव्हतं. मी काठावरून नाव ओरडून सांगितलं, पण पाण्याच्या आवाजात ते पोचलं नाही.

ते परत आले, एकटेच. दोर सोडला. मी विचारलं, तेव्हा खाली बघून म्हणाले, "पावलं घावली. बारकी, अनवाणी. वावराच्या कडेकडेनं पल्याडच्या अंगाला गेल्यात. पाण्यापोतर."

"आणि पुढे?"

"पुढं पानीच हाय आता."

मग दगूभाऊंनी जे सांगितलं, ते मला नीट कळायला वेळ लागला. फेब्रुवारीत पलीकडच्या बाजूला पाणीच नसतं. वाळूचा रुंद पट्टा असतो, पलीकडच्या काठाला जोडलेला. मेंढरं तिकडूनच चरायला येतात. पाणी आलं की तो पट्टा बुडतो. पोरगी गेली तेव्हा तिथं वाळू होती का पाणी, सगळं त्यावर आहे, असं ते म्हणाले. मी दोन वर्षं तिथं उभी राहून "चारही बाजूंनी" म्हणत होते. गाव त्याला बेट म्हणत होतं, म्हणून मीही बेटच धरलं होतं. पलीकडे जाऊन बघायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

दगूभाऊ आणि भामरे सर मोटारसायकलवर बसून पुलाकडे निघाले. पूल वरच्या अंगाला, जाऊन-येऊन पाऊण तासाची वाट. मी बेचाळीस मुलांना बसमधून उतरवून जांभळीखाली जोडीनं बसवलं. पाढे म्हणायला लावले. ती पाढे म्हणत होती आणि मी त्या निळ्या स्लिपर हातात घेऊन उभी होते. पंधरापर्यंतचे झाले. सोळाच्याला मुलं अडखळली, आणि मला सोळाचा पाढा सांगता येईना. सोळा दाहे किती हे मला आठवेना. मंगल माझ्या शेजारी उभी होती. तिला कुणी काही म्हटलं नव्हतं, तरी ती मुसमुसत होती. मी तिला जवळ घेतलं. त्या पोरीवर मी आधी मनातल्या मनात इतकी चिडले होते, ते आठवून मला स्वतःची किळस आली.

मोटारसायकलचा आवाज आधी मुलांना आला. भामरे सर कधी मोठ्यानं बोलत नाहीत. ते वळणावरूनच दोन्ही हात वर करून ओरडत होते, आणि त्यांना आपली शाळेतली भाषासुद्धा आठवत नव्हती, 'आहे'चं घरच्या अहिराणीतलं 'शे' झालं होतं. "शे, बाई, शे! पोर शे!"

ती पुढे टाकीवर बसलेली होती, अनवाणी, कडेवर आणल्यासारखी दगूभाऊंच्या दोन हातांच्या मध्ये. छातीशी चित्रकलेची वही. खिशात बोरं भरलेली, त्यातलं एक तोंडात. पलीकडच्या काठावर कांदा काढणाऱ्या बायकांपाशी ती तासभर बसून होती. ती वाळूवरून पलीकडच्या काठापर्यंत चालत गेली. कुठे पाणी लागतं का ते बघत काठाकाठानं फिरली, इतकी लांब, की शिट्टी तिला ऐकूच आली नव्हती. परत फिरली तर वाळू बुडालेली.

मी धावत गेले आणि हात उगारला. खोटं कशाला सांगू? मारायलाच उगारला होता. तो तिच्या डोक्यावर कसा टेकला, मला माहीत नाही.

"पाण्यात का नाही उतरलीस गं?" हा काय प्रश्न झाला? पण तोच निघाला तोंडातून.

"तुम्हीच सांगितलं, बाईंचा हात धरल्याबिगर पाण्यात उतरायचं नाही," ती म्हणाली. "मग बसले." तिनं बोराची बी थुंकली आणि वळून नदीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "बाई, ते बेट नव्हतं. मी खात्री केली. आत्ता झालं."

मी रडले. त्रेचाळीस मुलांसमोर, ड्रायव्हरसमोर, दगूभाऊंच्या घरच्यांसमोर, पदर तोंडाला न लावता. मुलांनी बाईंना रडताना कधी पाहिलं नव्हतं. ती आ वासून बघत होती. मग दगूभाऊंच्या बायकोनं पिठलं-भाकरी आणली, आणि योगिता खाली बसून जेवली. ती पोटभर जेवेपर्यंत बस निघाली नाही. तिच्या स्लिपर मी तिच्या पायांत घातल्या. पिन उघडली होती, ती नीट लावली.

संध्याकाळी तिला मी स्वतः घरी सोडलं. दारात तिची आई उभी होती. मी म्हणाले, पाय धुऊन घ्या तिचे, दमलीय. एवढंच म्हणाले, आणि निघून आले. पोरगी सुखरूप आहे, मग आता कशाला, असं स्वतःला समजावलं. भामरे सरही कुणाला बोलणार नव्हते. गोष्ट तिथंच संपली असती.

सोमवारी मी वर्गाला निबंध घातला, 'आमची शेतभेट'. दरवर्षी घालायचे, म्हणून घातला. योगिताची वही उघडली. सात ओळी होत्या. त्यातली चौथी होती: "बाईंनी मला खात्री करायला पाठवलं." पाचवी: "मी खात्री केली." शेवटची: "बाई रडल्या."

मुख्याध्यापक महिन्याला प्रत्येक वर्गाच्या वह्या बघायचे आणि खाली सही करायचे. आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो. कडक माणूस. एक पान फाडणं मला अवघड नव्हतं. निबंध पुन्हा लिहून घेणं तर त्याहून सोपं, "अजून सुवाच्य काढ" म्हटलं असतं की झालं. मधल्या सुट्टीत मी ती वही पिशवीत घातली, काढली, पुन्हा घातली. शेवटी तिला दहापैकी दहा दिले, ढिगात सगळ्यांत वर ठेवली आणि ढीग मोठ्या सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. नोकरी जाईल, असं मला खरोखर वाटत होतं.

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग विचारलं, "बाई, दहापैकी दहा? यात काही चूक नाही?"

"नाही सर. सगळं खरं आहे," मी म्हणाले, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. हात, गणवेश, चपला, पदर ओढलेला, सगळं.

त्यांनी वही बंद करून माझ्या हातात दिली. आधी तिच्या घरी जाऊन सांगा, म्हणाले, सही मग करतो.

शाळा सुटल्यावर गेले. वडील दुसऱ्या पाळीला गेले होते. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती, योगिता शेजारी. मी बसले नाही. उभी राहूनच सुरुवात केली. माझ्या चुकीनं तुमची मुलगी, एवढंच म्हणून झालं होतं.

"आम्हाला म्हाईत हाय," तिची आई म्हणाली. "आली तवापासून तेच चाललंय तिचं. बाईंनी मलाच पाठवलं, दुसऱ्या कुनाला नाय, मलाच. बापाला सांगितलं, शेजारीपाजारी सांगितलं. हितं आल्यापासून शाळेचं कायबी बोलत नव्हती ती."

मी योगिताकडे बघितलं. ती तांदळातले खडे बघत होती, पण हसत होती.

मग आईनं ताट बाजूला सारलं आणि मला बसायला पाट दिला. तिचा आवाज तेवढा बदलला. "पाठवत जा, बाई," ती म्हणाली. "पण कुनाला तरी संगं देत जा."

मोठ्या सरांनी दुसऱ्या दिवशी सही केली आणि पुढच्या वर्षापासून शेतभेटीला तिसरा शिक्षक दिला. दगूभाऊंच्या मळ्यावर मी आणखी बारा वर्षं गेले. वर्गाचा आकडा विषम असला की मी तिघांचा गट करायला लागले. माझा हात कुणालाच दिला नाही, तो मोजायला मोकळा ठेवला. आणि कुठेही गेलं, किल्ल्यावर, धरणावर, अगदी पोस्ट ऑफिस बघायलासुद्धा, तरी आधी चपला एका जागी काढायला लावल्या. पोस्टमास्तर हसले. नव्या शिक्षिका पाठीमागे हसायच्या, ते मला ऐकू यायचं. निघताना मुलं चपला घालायची आणि मी त्या मोकळ्या जागेकडे बघत उभी राहायचे. तिथं एकही जोड उरलेला नसायचा. मग मी शिट्टी वाजवायचे आणि बसमध्ये चढायचे.